पोर्तुगालात घर घ्यायचंय? पैसे पाठवण्याआधी गोव्यातच उरकायची कामं

मांडवीतीर (धागाकर्ता)

पोर्तुगालात फ्लॅट घेण्याविषयी इथे अधूनमधून विचारणा होते. चर्चा किमतीवरून सुरू होते आणि व्हिसावर जाऊन थांबते. व्यवहार अडतो तो मात्र भलत्याच ठिकाणी. तिथला नोटरी आधी तुमची विचारपूस करतो: नागरिकत्व कुठले, कर कुठे भरता, लग्न झाले आहे का, नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र की वेगळी. या प्रश्नांची कागदी उत्तरे पणजीत बसून तयार करता येतात. इसार दिल्यावर ती शोधत बसलात तर मुदत निघून जाते आणि पैसे अडकतात. म्हणून हा धागा. खालचे सगळे भारतात राहणाऱ्या गोवेकरांसाठी आहे. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याला पासपोर्टचा रंग दिसत नाही, तो तुम्ही राहता कुठे ते बघतो.

परवानगीचा प्रश्न सोपा आहे. २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांनुसार निवासी भारतीयाला परदेशात घर विकत घेता येते. पैसे एलआरएसमधून (निवासी व्यक्तींसाठी परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवलेले, आरएफसी खात्यातले (निवासी व्यक्तीचे परकीय चलनातले खाते) किंवा परदेशातल्याच रीतसर मालमत्तेच्या उत्पन्नातले चालतात. परदेशस्थ नातेवाइकाबरोबर भागीतही घेता येते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेकराराला ही बंधने लागूच होत नाहीत.

एलआरएसची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर. घरासाठी नवरा-बायको दोघांची मर्यादा जोडायची असेल तर खरेदीखतात दोघांचीही नावे मालक म्हणून हवीत. सासऱ्यांचे पैसे आणि जावयाचे नाव, असे बँक करू देणार नाही, देऊही नये. या रकमेसाठी भारतातली बँक कर्ज देऊ शकत नाही. तिथला बिल्डर 'ताबा घ्या, बाकी तीन वर्षांत द्या' म्हणाला तर सही करू नका. तो परकीय उधारीचा विषय होऊ शकतो, आधी तुमच्या बँकेच्या परकीय चलन शाखेचा लेखी होकार घ्या. पैसे पाठवताना ए-२ फॉर्मवर उद्देश-संकेत एस०००५ येतो, म्हणजे परदेशी स्थावर मालमत्ता. घाईत काउंटरवर 'कुटुंबाचा निर्वाह' असा संकेत टाकला जातो आणि पुढे घर विकून पैसे परत आणताना तोच नडतो.

आता तिथली बाजू. सुरुवात एनआयएफपासून, म्हणजे फिनांसास या तिथल्या करखात्याचा नऊ अंकी करक्रमांक. त्याशिवाय खाते नाही, करार नाही, वीज-पाण्याची जोडणीही नाही. नवरा-बायकोला वेगवेगळा लागतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने एकतर तिथे कर-प्रतिनिधी नेमायचा किंवा फिनांसासच्या इलेक्ट्रॉनिक सूचनांसाठी नोंदणी करायची. एजंटाला प्रतिनिधी करून ठेवले तर कराच्या नोटिसा त्याच्याकडे जात राहतात, घरमालकाला पत्ताच नसतो. जमेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदणीच करा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

घराचे दोन मूळ कागद गोवेकराला समजायला अवघड नाहीत, कारण आपल्याकडच्या १९६१ पूर्वीच्या कागदांत हीच जोडी आहे. 'कादेर्नेता प्रेदियाल' हा फिनांसासचा कागद, आपल्या मात्रिजचा सख्खा भाऊ: करासाठी केलेली नोंद, तिने मालकी सिद्ध होत नाही. 'सेर्तिदांव पेर्मानेंत' हा कोंसेर्वातोरियातला भूनोंदणीचा उतारा. मालकी, गहाण, जप्ती सगळे त्यात. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) नाव आहे म्हणून जमीन घेणारे जसे फसतात, तसेच तिथे नुसत्या कादेर्नेतावर विसंबणारे. दोन्ही हवेत आणि दोन्हींतला मालक, मजला, क्षेत्रफळ जुळायला हवे. सेर्तिदांव ऑनलाइन मिळते, तिचा संकेतांक सहा महिने चालतो. विकणाऱ्याने छापील प्रत दिली तर ती बाजूला ठेवा आणि संकेतांक मागा. छापील प्रतीनंतर चढलेला बोजा तिच्यात कसा दिसेल?

मग येते 'प्रोमेसा', खरेदीचा वचनकरार. त्यात इसार, म्हणजे 'सिनाल', बहुतेकदा किमतीच्या १० टक्के. खरेदीदार मागे हटला तर सिनाल बुडते, विकणारा हटला तर त्याने दुप्पट परत करायचे, हे तिथल्या नागरी संहितेच्या कलम ४४२ मध्येच आहे. आपल्या बाजूने दोन अटी घालून घ्याच. भारतातून पैसे यायला बँकेमुळे उशीर झाला तर मुदत इतक्या दिवसांनी वाढेल, ही एक. आणि नोंदणीत नवा बोजा निघाला तर सिनाल पूर्ण परत, ही दुसरी.

शेवटी 'एस्क्रितुरा', म्हणजे खरेदीखत. नोटरीकडे, सरकारी 'काझा प्रोंता' खिडकीवर किंवा वकिलाने प्रमाणित केलेल्या दस्ताने, तिन्ही मार्ग वैध. आयएमटी हा हस्तांतरण कर आणि ०.८ टक्के मुद्रांक आधी भरावे लागतात, पावती असल्याशिवाय खत होत नाही. आयएमटीचे टप्पे आणि दर अर्थसंकल्पागणिक हलतात, अनिवासी आणि दुसऱ्या घरासाठी गणित वेगळे पडते. म्हणून कुणा ओळखीच्याने गेल्या वर्षी भरलेला आकडा धरू नका, प्रोमेसावर सही करण्याच्या आठवड्यातला हिशेब वकिलाकडून लेखी घ्या. पैसे कोणत्या खात्यातून, कशाने दिले हेही खतात लिहिले जाते. त्यामुळे भावाच्या खात्यातून फिरवून आणलेला पैसा तिथेच उघडा पडतो.

फोंड्याची_लेक

उत्तम धागा. लग्नाचा मुद्दा जरा उलगडून सांगा ना. गोव्यात लग्नाची नोंद झाली की अर्धा हक्क जोडीदाराचा, हे आपल्याला माहीत आहे. पण लिस्बनच्या खतात एकाचंच नाव घातलं आणि पैसेही एकाच्याच खात्यातून गेले, तर दुसऱ्याचा हक्क उरतो का?

दस्तऐवज

ताई, उरतो, आणि म्हणूनच दोघांची नावे पहिल्यापासून घालावीत.

गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग चालतो. लग्नाआधी करार केला नसेल तर 'कोमुन्यांव जेराल' लागू, म्हणजे लग्नाआधीची आणि नंतरची सगळी मालमत्ता दोघांची मिळून. लग्नानंतर ही पद्धत बदलता येत नाही. पोर्तुगालने मात्र नवी संहिता आणली आणि १ जून १९६७ पासून तिथली आपोआप लागू होणारी पद्धत बदलली: लग्नानंतर कमावलेलेच तेवढे सामायिक. परिणाम असा की तुम्ही काही बोलला नाहीत तर समोरचा कारकून स्वतःच्या सवयीने नवी पद्धत लिहून मोकळा होतो. एकदा ते खतात आणि मग नोंदणीत चढले की दुरुस्तीसाठी दोघांच्या सह्या आणि पुन्हा खर्च. घर विकायच्या वेळी किंवा एक जण गेल्यावर हे निघाले तर अडचण फार मोठी.

आपल्या विवाह दाखल्यावर मालमत्तेची पद्धत बहुधा लिहिलेली नसते. म्हणून दाखल्यासोबत दोन कागद जोडा: लग्नापूर्वी करार केलेला नाही असे दोघांचे प्रतिज्ञापत्र, आणि गोव्यात कोणता कायदा लागू होतो हे सांगणारे इथल्या वकिलाचे पत्र. सगळ्यांना अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मसुदा आला की नावापुढे 'कोमुन्यांव जेराल द बेन्श' हे शब्द आहेत का ते स्वतः वाचा.

पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या लोकांची सोयरीक सावंतवाडी-दोडामार्ग-कोल्हापूरकडे असते. लग्न तिकडे लागले आणि नोंदही तिकडेच झाली, तर प्रश्न निराळा. हिंदू विवाह कायद्यात सामायिक मालमत्तेची अशी पद्धत नाही, आणि गोव्याचा कायदा लागू होतो की नाही हे अधिवासावर जाते. इथे अंदाजाने काही लिहू नका, वकिलाचे लेखी मत घेऊन तेच खतात उतरवा.

वारसाबद्दलही सांगून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या, पण भारतातल्या, मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लावला. लिस्बनचे घर त्या निकालात बसत नाही. तिथे युरोपीय संघाचे ६५०/२०१२ क्रमांकाचे नियमन चालते, १७ ऑगस्ट २०१५ पासूनच्या मृत्यूंसाठी. ते आधी मृताचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण बघते. त्यामुळे गोव्यात राहणाऱ्याचे लिस्बनचे घर वारसांकडे जाताना गोव्याचा कायदा तिथल्या वकिलाला समजावून द्यावा लागेल. मृत्युपत्रात त्या घराचा स्वतंत्र उल्लेख करा आणि कोणत्या देशाचा कायदा लागू व्हावा ते लिहा. नियमन आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडू देते. गोव्याच्या कायद्याने मुलांचा राखीव हिस्सा अर्धा आहे, तो डावलून केलेले मृत्युपत्र टिकत नाही हेही ध्यानात ठेवा.

हिशेबनीस

पैशांचं गणित मांडतो, कारण टीसीएसपाशी (परदेशी पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) भले भले अडकतात.

समजा घर १,८०,००० युरोचं. हिशेबापुरता युरो १०० रुपये धरू, म्हणजे १ कोटी ८० लाख. वर्षात १० लाखांवर जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. एकाच्याच खात्यातून पाठवलं तर १ कोटी ७० लाखांवर ३४ लाख रुपये. हे घराच्या किमतीत धरलेले नसतात, वेगळे खात्यात लागतात, नाहीतर बँक रक्कम पुढे पाठवतच नाही. दोघं मालक असतील आणि निम्मं-निम्मं पाठवलं तर प्रत्येकी ८० लाखांवर १६, मिळून ३२ लाख. यावर आयएमटी, ०.८ टक्के मुद्रांक (इथे १,४४० युरो), वकील, नोटरी, नोंदणी.

टीसीएस बुडत नाही. विवरणपत्रात वजा मिळतो, जास्त झाला तर परतावा येतो. आगाऊ कर भरणाऱ्यांनी तो त्या हप्त्यातून वळता करावा, पगारदारांनी कंपनीला कळवून पगारातली कपात कमी करून घ्यावी. पण मधले महिने पैसा सरकारजमा असतो, त्याची तजवीज हवी. शक्य असेल तर सिनाल मार्चमध्ये आणि उरलेली रक्कम एप्रिलमध्ये पाठवा. अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि १० लाखांची सूट, दोन्ही नव्या वर्षात नव्याने मिळतात.

दुसरा खड्डा १८० दिवसांचा. पाठवलेले पैसे घरात लागले नाहीत आणि तिथल्या खात्यात नुसते पडून राहिले, तर १८० दिवसांच्या आत परत आणावे लागतात. आधी पैसे पाठवून मग निवांत घर शोधायचं, हा क्रम म्हणून चुकीचा.

इथलं घर विकून तिथे घेणाऱ्यांनी हे वाचाच. जुनं घर विकून नवं घेतल्यावर भांडवली नफ्यावर जी सूट मिळते ती फक्त भारतातल्या घराला, २०१४ च्या वित्त कायद्याने ते स्पष्ट केलं. म्हापशाचा फ्लॅट विकून पोर्तु शहरात घर घेतलं तर नफ्यावर पूर्ण कर.

घर झाल्यावर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची अनुसूची भरायची. तिथे हिशेब १ जानेवारी ते ३१ डिसेंबरचा, आपल्या आर्थिक वर्षाचा नव्हे. तिथल्या बँक खात्याचाही उल्लेख हवा. लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला २०२४ मध्ये जी सवलत दिली तिच्यातून स्थावर मालमत्ता वगळली आहे. भाडं आलं तर ते भारतातही दाखवायचं. तिथे भरलेल्या कराची वजावट भारत-पोर्तुगाल दुहेरी कर करारात मिळते, पण त्यासाठीचा वेगळा फॉर्म आणि तिथल्या कराची पावती लागते.

शापोराकाठ

घर घेतल्यावर गोल्डन व्हिसा मिळतो ना? एजंट तर तसंच सांगतो.

मांडवीतीर

नाही. घरखरेदीचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये कायद्याने बंद झाला. आजही घर दाखवून व्हिसाचे आश्वासन देणाऱ्याशी पुढचे काही बोलूच नका. घराची मालकी आणि राहण्याचा परवाना या तिथे दोन स्वतंत्र बाबी आहेत.

अळसांदे

मुखत्यारपत्र आणि नावं, यांवर लिहिते. निम्मे व्यवहार इथेच रेंगाळतात.

दोघांनी तिथे जाणं जमत नसेल तर 'प्रोकुरासांव' करावं लागतं. दोन वाटा आहेत. पणजीत आल्तिनोला पोर्तुगालचं महावाणिज्य दूतावास आहे, तिथे नोटरीची कामं होतात, कागद थेट पोर्तुगीजमध्ये होतो. नाहीतर इथल्या नोटरीसमोर करा, राज्य पातळीवर प्रमाणित करून घ्या, परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील लावा आणि पोर्तुगीज भाषांतर प्रमाणित करून जोडा. भाषांतर अपोस्टीलनंतर करा, कारण अपोस्टीलच्या शिक्क्यावरचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो.

मजकुरात 'घर खरेदी करण्याचे सर्व अधिकार' एवढंच लिहिलेलं पत्र देऊ नका. कुठलं घर (नोंदणी क्रमांक आणि गाळ्याचं अक्षर), जास्तीत जास्त किंमत किती, प्रोमेसावर सही करायची की फक्त खतावर, कर भरायचा का, नोंदणी करायची का, हे एकेक लिहा. विकण्याचा आणि कर्ज काढण्याचा अधिकार अजिबात देऊ नका. मुदत घाला. आणि ज्याला विक्रीवर दलाली मिळणार आहे त्याला मुखत्यार करू नका, मग तो गाववाला का असेना.

नावांचं म्हणाल तर आपल्या घराघरांत हा घोळ आहे. आजोबांच्या जन्मनोंदीत पोर्तुगीज धाटणीचं स्पेलिंग, आधारवर इंग्रजी धाटणीचं, पासपोर्टवर मधलं नाव गायब, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. नाईक, शेणवी, परब या आडनावांची तर तीन-तीन रूपं सापडतात. तिथला अधिकारी एक अक्षर वेगळं दिसलं तरी दुसरी व्यक्ती समजतो. एनआयएफ काढायच्या आधी एकच रूप ठरवा, ते पासपोर्टवरचंच असावं, आणि बाकी कागदांसाठी 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र अपोस्टील करून ठेवा. एनआयएफवर एक स्पेलिंग आणि खतावर दुसरं झालं तर घरपट्टीची नोटीस तुमच्या खात्याला जोडलीच जात नाही.

सांतइनेज

खूप उपयोगी. पण तो उतारा प्रत्यक्ष हातात आला की वाचायचा कसा? पोर्तुगीज घरात कुणाला येत नाही आता.

तेजोकाठ

सगळं येण्याची गरज नाही, ठराविक जागा बघायच्या.

कादेर्नेतावर वरच्या बाजूला 'आर्तिगो' क्रमांक असतो, त्यापुढे 'फ्राक्सांव' म्हणून एक अक्षर. ते अक्षर म्हणजे तुमचा गाळा. इमारतीत दारावर 'तिसरा डावा' लिहिलेलं असतं, कागदावर 'एच' असतं. दोन्हींचा मेळ बसतो का ते बघा, कारण शेजारचा गाळा दाखवून दुसऱ्याचा कागद पुढे करण्याला तिथेही जागा आहे. खाली 'आफेक्तासांव' हा रकाना. तिथे 'आबितासांव' म्हणजे निवास असायला हवं. तळमजल्यावरचे स्वस्त 'स्टुडिओ' पुष्कळदा कागदावर दुकान किंवा कोठार असतात. मग 'आरिया ब्रुता प्रिवातिव्हा', म्हणजे खासगी क्षेत्रफळ. गॅलरी काचा लावून बंद केली असेल तर दाखवताना ती खोली म्हणून मोजतात आणि कागदात तिचा पत्ता नसतो. शेवटी 'व्हालोर पात्रिमोनियाल', करासाठी ठरवलेली किंमत. बाजारभावाशी तिचा संबंध नाही, घरपट्टी मात्र तिच्यावरच.

सेर्तिदांवमध्ये नोंदी 'एपी' या अक्षरांनी सुरू होतात, पुढे क्रमांक आणि तारीख. 'आकिझिसांव' म्हणजे मालकीची नोंद, 'इपोतेका' म्हणजे गहाण, 'पेन्योरा' म्हणजे जप्ती. विकणाऱ्याचं नाव शेवटच्या आकिझिसांवमध्ये हवं. मालक म्हणून चार-पाच नावं आणि 'हिस्से न पाडता' अशा अर्थाचा शेरा दिसला तर ती वारसांची सामायिक मालमत्ता: सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या लागतील. एक जण ब्राझीलमध्ये असला तर सहा महिने सहज जातात. इपोतेका असणं हा दोष नाही, पण खताच्या दिवशी बँकेचं गहाणमुक्तीचं पत्र टेबलावर हवं, 'नंतर पाठवतो' चालणार नाही.

२०२४ च्या सुरुवातीपासून वापर परवाना खताच्या वेळी दाखवण्याची सक्ती निघाली. त्याचा अर्थ परवाना लागत नाही असा मुळीच नाही, तपासण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आली. ऑगस्ट १९५१ नंतरच्या इमारतीचा परवाना पालिकेकडून मागवून घ्या.

सोसायटीचं पत्रही बारकाईने वाचा. २०२२ च्या कायद्याने विकणाऱ्याला सोसायटीचं थकबाकी-पत्र द्यावं लागतं. पण त्याच कायद्याप्रमाणे हप्ता ज्या तारखेला देय होतो, त्या तारखेच्या मालकाने तो भरायचा. छप्पर दुरुस्तीचा ठराव गेल्या वर्षी झाला आणि हप्ते पुढच्या वर्षी असतील, तर ते तुमच्या डोक्यावर. शेवटच्या तीन सभांची इतिवृत्तं मागा आणि मंजूर झालेल्या कामांचे पैसे विकणाऱ्याने भरायचे असं प्रोमेसात लिहून घ्या.

घरात भाडेकरू असेल तर आणखी एक. दोन वर्षांहून जास्त राहिलेल्या भाडेकरूला खरेदीचा पहिला हक्क असतो. त्याला अटींसह लेखी कळवल्याचा पुरावा नसेल तर खत झाल्यावरही तो न्यायालयात जाऊ शकतो.

फोंड्याची_लेक

आणि प्रोमेसा ते खत या मधल्या काळात त्याने दुसऱ्यालाच विकलं तर?

तेजोकाठ

कोंसेर्वातोरियात तुमच्या नावे तात्पुरती नोंद करून ठेवायची. ती सहा महिने टिकते आणि त्यानंतर आलेल्यांच्या पुढे तुमचा नंबर राहतो. तिथे कायदा नोंदणीचा क्रम बघतो, म्हणून वकिलाला हे काम सिनालच्या दिवशीच सांगा. खत झाल्यावरची कायम नोंदही त्याच दिवशी.

दूरदेशी

विषय थोडा वेगळा, पण घरातला मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला जाणाऱ्यांसाठी विचारते. तिथे खोली भाड्याने घेताना काय बघावं? पाच-सहा जण एका घरात राहतात, पैसे रोख देतात, असं बऱ्याच जणांचं चालतं.

विल्टशायर

रोख देणं थांबवायला सांगा, भाडं बँकेतूनच द्यायचं. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी (वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर) आणि घर राखून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याची. नोंदणी, कागदपत्रं, 'ओळख' अशा नावांनी वेगळे पैसे मागणं बेकायदा आहे. कुटुंबाला स्वतंत्र घर दिलं असेल किंवा घरमालक त्याच घरात राहत नसेल, तर अनामत मान्यताप्राप्त योजनेत ३० दिवसांत जमा करून कागद भाडेकरूला द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर दंडाची मागणी करता येते.

पाच किंवा जास्त माणसं, एकाहून अधिक कुटुंबांतली, स्वयंपाकघर-संडास सामायिक, असं घर असेल तर मालकाला पालिकेचा एचएमओ परवाना लागतो. परवाना आहे का ते पालिकेकडे विचारता येतं. नसेल तर आगीचे अलार्म, दारं, बाहेर पडायची वाट यांची तपासणीच झालेली नसते, हा मुख्य धोका.

गोव्यात राहून तिथलं घर भाड्याने देणाऱ्यांसाठी: मालक परदेशात असेल तर एजंटाने भाड्यातून २० टक्के कर कापायचा असतो. पूर्ण भाडं हवं तर करखात्याची मंजुरी आधी घ्यावी लागते. मंजुरी म्हणजे करमाफी नव्हे, विवरणपत्र भरायचंच.

वाळवंटी

उलट बाजूही लिहा कुणीतरी. भावाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, आता गावच्या जमिनीचं काय?

दस्तऐवज

वारसाने आलेली जमीन राहते, पासपोर्ट बदलला म्हणून हिस्सा जात नाही. नवी खरेदी मात्र वेगळी. ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस) घर, फ्लॅट, दुकान घेता येते, पण शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. आपल्याकडे घोळ इथे होतो: घरामागचा माड-पोफळीचा तुकडा बिनधास्त 'प्लॉट' म्हणून विकला जातो आणि एक-चौदावर तो बागायत असतो. उताऱ्यातला पिकाचा रकाना आणि प्रादेशिक आराखड्यातला झोन, दोन्ही बघितल्याशिवाय ओसीआयच्या नावे खत करू नका.

भाऊ आपला हिस्सा इथल्या भावाला विकणार असेल, तर घेणाऱ्यानेही सांभाळावे. विकणारा अनिवासी असल्यावर नेहमीचा १ टक्का टीडीएस चालत नाही, अनिवासीचा दर लागतो, आणि तो कापायची जबाबदारी घेणाऱ्याची. दर जास्त वाटला तर विकणाऱ्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढावा. पैसे त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासीचे भारतातले रुपयांचे खाते) जातील, तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. हिस्से पाडलेले नसतील तर आधी वारसांचा दस्त किंवा इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया). त्यात परदेशातल्या भावाची आणि त्याच्या बायकोचीही सही हवी, तीच बहुधा राहून जाते.

सांतइनेज

देव बरें करूं सगळ्यांक. शेवटचं एक: घर घेऊन कुलूप लावून ठेवलं तर वर्षाला काय काय येतं?

मांडवीतीर

आयएमआय ही घरपट्टी. करमूल्याच्या ०.३ ते ०.४५ टक्के, दर पालिका ठरवते. करमूल्य ९०,००० युरो आणि दर ०.३५ धरला तर ३१५ युरो. १०० ते ५०० च्या दरम्यान असल्याने दोन हप्ते, मे आणि नोव्हेंबर. ३१ डिसेंबरला जो मालक त्याच्यावर त्या सबंध वर्षाची पट्टी पडते, म्हणून खत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असेल तर जानेवारीवर ढकला किंवा त्या पट्टीचा वाटा किमतीतून कमी करून घ्या.

सोसायटीचे मासिक शुल्क, वीज-पाण्याचे स्थिर आकार आणि विमा वेगळे. इमारतीतल्या प्रत्येक गाळ्याला आगीचा विमा सक्तीचा आहे, सोसायटीचा एकत्रित आहे का ते विचारा, नाहीतर दोनदा भरला जातो. बंद घरात पाण्याचा मुख्य नळ बंद करून चावी कुणाकडे तरी ठेवा. खालच्या मजल्यावर गळती झाली तर भरपाई तुमच्याकडून, आणि दार उघडायला कुणी नसेल तर नुकसान वाढत जाते.

घरपट्टी चुकली तर आधी दंड, मग वसुली, मग त्याच सेर्तिदांववर फिनांसासची पेन्योरा चढते. मे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फिनांसासच्या संकेतस्थळावर जाऊन रक्कम बघा, ईमेलची वाट बघू नका. भरणा तिथल्याच खात्यातून व्हावा, म्हणून खात्यात निदान वर्षभराच्या पट्टीची आणि सोसायटीची रक्कम राहील असे बघा, आणि ते खाते तुमच्या परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत नोंदवा.